वाघदेवाच्या वळणावरची पाटी

उमरपाणीच्या घाटात आजवर गाडीखाली माणूस मेलेला नव्हता. शेळ्या मेल्या होत्या, एकदा बाजाराला निघालेली कोंबड्यांची भरली टोपली गेली होती, एक ट्रॅक्टर दरीत उतरून सागाच्या खोडाला टेकून राहिला होता. पण माणूस नाही. रस्ता पाहिला तर यावर कोणाचा विश्वास बसला नसता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला सरळ दरी आणि मधोमध ते वळण. समोरून हत्ती आला तरी नाकाला नाक लागेपर्यंत दिसायचा नाही. शिरपूरच्या बाजाराला जाणाऱ्या प्रत्येक चाकाला तिथूनच जावं लागायचं.

वळणाच्या पोटात वाघदेव बसला होता. दगडावर कोरलेला, शेंदरानं इतका माखलेला की वाघ कुठं आणि दगड कुठं ते कळू नये. जुनी माणसं सांगायची, देव दिवस कलल्यावर रस्त्यात येऊन पडतो, त्याला उठायला वेळ द्यावा. बैलगाड्यांच्या काळात गाडीवान लांबून हाळी द्यायचे. मोटारी आल्या तशी हाळी गेली आणि हॉर्न आला. वळण यायच्या आधी लांबलचक हॉर्न, मग थोडं थांबायचं, मग पुन्हा. खालून येणारा वाजवायचा, वरून येणारा वाजवायचा, आणि ज्याला दुसऱ्याचा ऐकू आला तो उभा राहायचा. देव उठत होता की नाही ते देवाला ठाऊक, पण समोरचा थांबत होता. माणसाच्या जिवासाठी हॉर्न वाजवा असं कोणी सांगितलं असतं, तर निम्म्यांनी कंटाळा केला असता. देवासाठी कोणी कंटाळा करत नव्हतं.

सुकलाल या घाटात मिसरूड फुटल्यापासून गाडी चालवत होता. उंच, हडकुळा, कमी बोलणारा माणूस. शिरपूरच्या माणकचंद शेठचं किराणा आणि बियाण्याचं दुकान, त्यांची जुनी पिकअप, आणि त्या पिकअपमधून वरच्या पाड्यांवर माल पोचवणारा सुकलाल, हे इतकं जुनं झालं होतं की त्याच्याकडे लायसन आहे की नाही हे कोणी विचारलंच नव्हतं. लायसन नव्हतंच. बाजाराच्या दिवशी परत येताना पोत्यांवर माणसं बसायची, माणसांवर पोरं बसायची, आणि सुकलाल वाघदेवापाशी आला की मागचे सगळे हात जोडायचे. त्याचा हॉर्न वर त्याच्या पाड्यावर ऐकू जायचा. त्याची बायको मोगराबाई तो ऐकून चुलीवर तवा ठेवायची.

एके दिवशी शेठनी त्याला गल्ल्यापाशी बोलावलं. नवी पिकअप बुक झाली होती.

"सुकलाल, नव्या गाडीचा विमा आहे. लायसन नसलेला माणूस मला तिच्यावर बसवता येणार नाही. दिवाळीपर्यंत लायसन आण, गाडी तुझ्या हाती. नाही तर मला दुसरा माणूस बघावा लागेल, वाईट वाटून घेऊ नकोस."

दुसरा माणूस म्हणजे काय ते सुकलालला बरोबर कळलं. मग दिवाळीनंतर पाड्यातल्या इतरांसारखं सुरतेकडच्या उसात जायचं, बायकोला घेऊन, पालात राहायचं. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

कच्च्या लायसनसाठी परीक्षा होती. संगणकावर चित्रं येतात, खाली उत्तरं येतात, बरोबर त्यावर बोट ठेवायचं. शेठनी ड्रायव्हिंग स्कूलमधून चिन्हांचा रंगीत तक्ता आणून दिला. सुकलालला अक्षरं लागायची, पण रांगत रांगत. त्याची मुलगी हेमलता शिरपूरला कॉलेजात होती, शनिवार-रविवार घरी यायची. तिनं तक्ता भिंतीवर चिकटवला आणि बापाला समोर बसवलं. मोगराबाईला मोठी गंमत वाटली.

"बुढापामा शाळा उघाडी का?" ती म्हणाली.

सुकलालला वाटलं होतं, यात काय शिकायचं? एवढी वर्षं काय झोपेत गाडी चालवली? पण पहिल्याच दिवशी तो एका चित्रावर अडला. तक्त्यावरचं तिकोन, त्यात डोंगर आणि खाली पडणारे दगड. ही पाटी त्यानं पाहिली होती. घाट सुरू होतो तिथं होती, तिला टेकून तो बिडी ओढायचा. त्याला ते चित्र मक्याच्या कणसासारखं वाटायचं. दोन्हीकडून आत दबलेल्या रेघा म्हणजे अरुंद पूल. ती पाटी नाल्यावर होती आणि तिच्यावर बायका गोधड्या वाळत घालायच्या. तीव्र उतार, निसरडा रस्ता, धोक्याचं वळण. एकेक चित्र हेमलता सांगत गेली आणि सुकलालच्या डोळ्यांपुढे आपला रस्ता खालपासून वरपर्यंत उभा राहिला. कोणीतरी त्याला एवढी वर्षं बजावत होतं, तू आता मरशील, इथंही मरशील, आणि तो मजेत बिडी ओढत होता.

त्याला भीती वाटायला लागली. साधी, उघडी भीती. दुसऱ्या दिवशी त्यानं नाल्यावरचा पूल इतक्या हळू ओलांडला की मागच्या बैलगाडीवाल्यानं त्याला आवाज दिला. दगड पडण्याच्या पाटीपाशी तो वर बघत गाडी चालवायला लागला, आणि वर बघत चालवताना दरीकडे जास्त सरकायला लागला. धोका माहीत नव्हता तेव्हा त्याचे हात आपोआप चालत होते. आता प्रत्येक ठिकाणी हात त्याला विचारायला लागले. रात्री कुशीवर वळला तरी तो दचकायचा.

"तू भ्याना का?" मोगराबाईनं विचारलं.

"भ्यासू कसाले? शिकी ऱ्हायनू," तो म्हणाला.

शिरपूरच्या आरटीओ कॅम्पमध्ये त्यानं परीक्षा दिली आणि नापास झाला. काही उत्तरं घाईत चुकली, ती तो समजू शकत होता. एक मात्र त्याच्या गळी उतरेना. पडद्यावर लाल गोल होता, गोलात भोंगा, भोंग्यावर तिरपी लाल रेघ. सुकलालनं 'हॉर्न वाजवा' यावर बोट ठेवलं होतं. अगदी खात्रीनं. ही पाटी तर वाघदेवाची होती!

आता ही हकीकत सांगायला हवी. दोन वर्षांपूर्वी वळणाच्या खालच्या अंगाला सरकारी दवाखाना झाला, बाळंतपणाच्या दोन खाटांचा. दवाखान्याजवळ हॉर्न नको म्हणून पाट्या आल्या. त्या दवाखान्यापाशी लावायच्या होत्या. पण तिथं खडक लागला, आणि खड्डे खणणारी माणसं उन्हाला कंटाळली, आणि वळणाशी माती मऊ होती. एक पाटी वळणाच्या खाली लागली, दुसरी वळणाच्या वर. माणसं सामान आवरून निघून गेली. दुसऱ्या दिवशी पाड्यातल्या लोकांनी पाहिलं तर वाघदेवाच्या दोन्ही बाजूंना सरकारनं भोंग्याचं चित्र लावलेलं. सगळ्यांना अतोनात आनंद झाला. सरकारलाही देव पटला! लोकांनी पाट्यांच्या पायाशी नारळ फोडले, त्यांना शेंदूर लावला. तिरपी लाल रेघ कोणाला खटकली नाही, तीही कोणीतरी ओढलेला शेंदूरच वाटला. तेव्हापासून तर हॉर्न आणखी जोरात वाजायला लागले.

हेमलतेनं बापाला समजावलं. "बाबा, लाल गोल म्हनजे मनाई. आडी रेघ म्हनजे बंद. तठे हॉर्न वाजाडानं नही."

"वाघदेवपाशी?"

"दवाखानापाशी. पाटी दवाखानानी शे."

मोगराबाई चुलीपासून उठून आली आणि तक्त्यावरच्या त्या भोंग्याकडे बघत उभी राहिली.

"मंग देवले कोन सांगी, बाजूले सर म्हनीसन?" तिनं विचारलं. हेमलता हसली. सुकलाल हसला नाही.

दुसऱ्या खेपेला तो पास झाला. तो भोंगा पुन्हा पडद्यावर आला, तसं त्यानं श्वास रोखून 'हॉर्न वाजवण्यास मनाई' यावर बोट ठेवलं. बाहेर आला तेव्हा त्याची छाती दोन बोटं वर आली होती. आयुष्यात तो पहिल्यांदा कशात तरी पास झाला होता. शेठनी पेढा दिला. महिन्यानं पक्क्या लायसनची चाचणी, ती तर गाडी चालवूनच द्यायची, तिची त्याला काळजी नव्हती.

त्याच संध्याकाळी परतताना वळण आलं. हात सवयीनं हॉर्नकडे गेला आणि त्यानं तो मागे घेतला. गाडी पुढे गेली. मागं पोत्यांवर बसलेल्यांनी केबिनच्या टपावर थापा मारल्या.

"वाजाड ना भो! देव ऱ्हायना!"

सुकलालनं खिडकीतून हात काढून पाटीकडे बोट दाखवलं. मागं एक म्हातारी काहीतरी पुटपुटत राहिली. गाडी वळण घेऊन वर आली, समोर कोणी नव्हतं. काही झालं नाही. वर आल्यावर त्यानं सगळ्यांना पाटीचा अर्थ सांगितला, दंड होतो तेही सांगितलं, आणि खिशातला कच्च्या लायसनचा कागद दाखवला. कागद हातोहात फिरला. ज्याला वाचता येत नव्हतं त्यानं तो जास्त वेळ धरला.

पाड्यात कागदवाला माणूस दुसरा नव्हता. ट्रॅक्टरवाले, मोटरसायकलवाले, दुधाचा छोटा हत्ती टेम्पोवाला, सगळे त्याला विचारायला लागले आणि तोही सांगायला लागला. कमी बोलणारा सुकलाल चिन्हांचं विचारलं की थांबायचा नाही. हळूहळू वळण मुकं झालं. आधी संध्याकाळचे हॉर्न थांबले, मग सकाळचे. दिवाळी जवळ येईपर्यंत घाटात पाखरांशिवाय काही ऐकू येईना.

"माले घाट मरी गया असा वाटस," मोगराबाई म्हणाली. तो दारात येऊन उभा राहीपर्यंत तिला आता कळत नसे, आणि तवा थंड असायचा.

ऐकत नव्हता तो एकटा झुलाल. झुलाल म्हणजे मोगराबाईचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली म्हणून तिनं त्याला कडेवर घेऊन वाढवलेला, लग्नात आहेरासारखा बरोबर आणलेला. आता तिशीचा होता पण अजून कोणाच्या बापाचं ऐकत नव्हता. मोटरसायकलला त्यानं ट्रकचा हॉर्न बसवून घेतला होता आणि तो वाघदेवापाशी असा वाजवायचा की दवाखान्यातली नर्स बाहेर येऊन शिव्या घालायची.

"दाजी, तुमना कागद तुमले," तो म्हणायचा. "मी तर वाजाडसू."

मग शेठ म्हणाले, जुनी पिकअपही मोडीत काढत नाही, दुसऱ्या फेरीला ठेवतो. कोणी लायसनवाला आहे का तुझ्या माहितीत? सुकलालनं झुलालचं नाव घेतलं, लायसन काढायला लावतो म्हणाला. झुलाल दुसऱ्या दिवशी तक्त्यासमोर मांडी घालून बसला. गाडीचं नाव निघाल्यावर त्याचा सगळा माज उतरला. सुकलालनं त्याला एकेक चित्र शिकवलं, हेमलतेनं शिकवलं होतं तसंच, बोट ठेवून. झुलाल डोक्यानं तल्लख होता पण धसमुसळा होता, भोंग्यापाशी हमखास चुकायचा.

"हाऊ काय शे?" सुकलाल विचारायचा.

"हॉर्न वाजाडा," झुलाल म्हणायचा आणि जीभ चावायचा.

तोंडी पाठ होत नाही तर हाताला पाठ करू, असं सुकलालनं ठरवलं. "उद्यापासून तठे हात लावू नको. हातले सवय लागनी म्हनजे डोकामा ऱ्हाई," तो म्हणाला. मोगराबाई तांदूळ निवडत ऐकत होती. ती म्हणाली, "त्याले तरी वाजाडू दे रे. तो उतारवर गाडी बंद करीसन येस." हे खरं होतं. पेट्रोल वाचवायला पाड्यातली सगळी पोरं उताराला इंजिन बंद करायची आणि घसरत खाली जायची. पण सुकलालला बायकोनं परीक्षेत लुडबूड केलेली आवडली नाही. झुलालनं ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कोणाचं तरी ऐकलं.

पक्कं लायसन यायच्या आठवड्यात एकदा सुकलाल वळणावर शिरला आणि समोर ट्रॅक्टर. दोघांनी करकचून ब्रेक मारले. दोन्ही बंपरांमध्ये एक शेळी उभी राहिली असती इतकीच जागा उरली. वरून येणारे सगळे दरीला भिऊन डोंगराच्या अंगाला चिकटून येतात. हॉर्न होता तोवर ते चालून जायचं. ट्रॅक्टरवाला ओशाळून हसला, मागं सरला, गेला. सुकलाल वाघदेवासमोर गाडी लावून बसून राहिला. हे मी केलं, असं त्याच्या मनात स्वच्छ आलं. उद्यापासून हॉर्न वाजवावा, सगळ्यांना सांगावं, असंही आलं. पण सांगायचं काय? कागद दाखवून जे सांगितलं ते चुकलं म्हणून? तक्त्यात तर ते बरोबर होतं, परीक्षेत बरोबर होतं. पक्क्या लायसनची चाचणी परवावर आली होती. ती होऊन जाऊ दे, मग बघू, असं म्हणून त्यानं गाडी सुरू केली. घरी त्यानं हे कोणाला सांगितलं नाही.

पक्कं लायसन मिळालं. दिवाळीआधीच्या मोठ्या बाजाराला शेठनी नवी पिकअप त्याच्या ताब्यात दिली, तिच्या काचेला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. गाडी सुंदर होती. जुनी पिकअप दोन डोंगरांपलीकडून ओळखू यायची. हिचा आवाज शेजारी उभ्या माणसालाही नीट येत नव्हता. मागं बसलेले लोक त्याचंच कौतुक करत होते.

दिवस कलायला आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शिरपूरला झुलालची परीक्षा होती, तो मुक्कामाला खाली जाणार होता. वाटेत भेटेल, असं सुकलालला वाटत होतं. त्याला सांगायला काही राहिलं नव्हतं. सगळी चित्रं त्याला आली होती, भोंगासुद्धा. नाल्यावरचा पूल गेला, दवाखाना गेला. शेंदूर लागलेली पाटी आली. सुकलालनं वेग कमी केला, गाडी आपल्या डाव्या हाताला घेतली, डोंगराच्या अंगाला, तक्त्यात सांगितल्याप्रमाणे. हात हॉर्नकडे गेलासुद्धा नाही. त्यालाही आता पाठ झालं होतं.

मोटरसायकल डोंगराला चिकटून आली. इंजिन बंद होतं, त्यामुळं आधी आली ती नुसती साखळीची सळसळ, आणि त्या सळसळीमागं झुलालचं तोंड, नवा शर्ट. झुलालनं त्याला ओळखलं. एवढंच व्हायला वेळ मिळाला.

आवाज पाड्यावर ऐकू गेला. पुष्कळ दिवसांत घाटातून वर आलेला पहिला आवाज तो. मोगराबाई अनवाणी धावत उतरली. ती पोचली तेव्हा लोकांनी झुलालला रस्त्याच्या कडेला घेतलं होतं, दवाखान्यातली नर्स गुडघ्यांवर बसली होती आणि काही करत नव्हती. मोगराबाईनं भावाचं डोकं मांडीवर घेतलं. ती रडली नाही, ओरडली नाही. पदरानं त्याच्या नव्या शर्टावरची माती झटकत राहिली.

चौकीवरून हवालदार साहेब आले. त्यांनी टायरच्या खुणा बघितल्या, पावलांनी अंतर मोजलं, मागं बसलेल्यांना विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं: गाडी हळू होती, आपल्या बाजूला होती. साहेबांनी लायसन मागितलं. सुकलालनं खिशातून काढून दिलं. ते इतकं नवं होतं की साहेबांनी ते उलटंसुलटं करून बघितलं.

"हॉर्न दिला होता?"

"तठे मनाई शे साहेब. पाटी शे."

साहेबांनी मान वळवून पाटी बघितली. "बरोबर," ते म्हणाले. "सगळं नियमानं आहे. मोटरसायकलवाला चुकीच्या बाजूनं आला, इंजिन बंद करून. तुझी यात काही चूक दिसत नाही." ते कागदावर लिहायला लागले. मग थांबून मोटरसायकलकडे बघितलं. ट्रकचा तो हॉर्न हँडलपाशी शाबूत होता. "एवढा मोठा हॉर्न लावलाय यानं. यानं का नाही वाजवला?"

मोगराबाईनं मांडीवरून वर बघितलं. ती साहेबांकडे बघत नव्हती.

"त्याले बी माहीत व्हतं, साहेब," सुकलाल म्हणाला. "मीच शिकाडं."

"चांगलं केलंस," साहेब लिहिता लिहिता म्हणाले, आणि सही करायला कागद त्याच्यापुढं धरला.